लाल बुडाची दोन, निळ्या बुडाची तीन

…नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने ऐकून घ्यायचं तरी किती? एकदा ठीक आहे. दोनदा ठीक आहे. पण सहा वर्षं? सहा वर्षं हा माणूस मला एकच वाक्य ऐकवतोय! चर्चच्या जेवणात तेच, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला सुरी लावली की तेच, अहो, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी तिथे अर्धवट शुद्धीत पडलोय, हा भेटायला आला, हातात कसलंसं कुंडीतलं झाड, आणि मला 'कसं वाटतंय' विचारायच्या आधी डॉक्टरांना विचारतो, "आत जी वाटी बसवलीत ती ओरिजिनल आहे ना? नाही, बघा हं डॉक्टर, नंतर त्रास नको. कंपनीचं ते कंपनीचं!" डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी छताकडे बघतोय.

हा म्हणजे ड्वेन. माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, अर्लिसचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा घोडा आहे, पण धाकटा. गावातल्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरवर सव्वीस वर्षं उभा आहे. आता जो सव्वीस वर्षं कंपनीचे पार्ट विकतोय तो दुसरं बोलणार तरी काय? गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "ड्वेन, हाच पट्टा बाहेर निम्म्यात मिळतो रे." की हा दोन्ही हात काउंटरवर टेकतो, मान अशी तिरकी करतो, आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसा आवाज काढतो… "मिळतो. मिळतो ना. न मिळायला काय झालं? पण…" आणि मग ते वाक्य! गिऱ्हाईक मुकाट्याने खिशात हात घालतं.

मी नाही घालत. मी वेंडेल. एकतीस वर्षं विस्कॉन्सिनच्या या थंडीत दुधाचा टँकर चालवला मी. त्या टँकरला शेवटी शेवटी कंपनीचं म्हणाल तर हॉर्न तेवढा उरला होता, आणि तोही वाजायचा नाही! बाकी ब्रेक बाहेरचे, पंप बाहेरचा, आरसे तर एका भंगारवाल्याकडचे, एक मोठा एक लहान… पण दुधाचा थेंब सांडला असेल तर शपथ! तर हे मी ड्वेनला सांगितलं की तो काय म्हणतो? "नशीब तुझं."

तुम्ही म्हणाल, म्हणू दे की, एवढं काय लावून घ्यायचं? तसं नाही हो! त्यात गोम आहे. तुम्हाला सांगतो, हा माणूस पार्टबद्दल बोलतच नसतो. हा माझ्याबद्दल बोलतो! कारण मी अर्लिसचा दुसरा नवरा. पहिला कर्ट. कर्ट म्हणजे सहा फूट दोन इंच, साठी उलटली तरी डोक्यावर सगळे केस, दात सगळे स्वतःचे, हसला की बायकांच्या हातातली बशी हलते. अकरा वर्षं संसार केला, एक दिवस म्हणाला 'मला मोकळं वाटत नाही', आणि गेला फ्लोरिडाला. तिथे त्याला दोन वर्षं मोकळं वाटलं, मग उकडायला लागलं, मग आला परत. तोवर अर्लिसचं माझ्याशी लग्न झालेलं. पण ड्वेनचा जीव अजून कर्टमध्येच! चारचौघांत ओळख कशी करून देतो माहीत आहे? "हे कर्ट, आमचे दाजी." आणि माझ्याकडे वळून? "हा वेंडेल." बस. जसा काही मी गाडी लावायला आलोय! आता सांगा, 'कंपनीचं ते कंपनीचं' म्हटल्यावर मला कुठे लागत असेल?

आणि लागायला कारण आहे. आमच्या नेमबाजीच्या क्लबात दर सप्टेंबरला घराण्यांची स्पर्धा असते. पिस्तूल, पोलादी ताटल्या, एका घरचे तीन जण. आमच्या घरचे तीन म्हणजे सासरे पामर, वय चौऱ्याऐंशी, नॉर्वेजियन रक्त, वर्षाला तीन शब्द बोलतात, आणि त्यातले दोन कुत्र्याशी. दुसरा ड्वेन. आणि तिसरी जागा जावयाची. पहिल्यापासून तशीच पद्धत आहे. कर्टच्या काळात चार वेळा पहिले आले हे लोक. चार पाट्या लागल्यात सासऱ्यांच्या भिंतीवर. आणि मी आल्यापासून? पाचवे, पाचवे, सातवे… एकदा नववे, पण तेव्हा वारा होता! जेवायला बसलं की माझी खुर्ची बरोबर त्या पाट्यांच्या समोर येते. अर्लिस म्हणते, "बाजू बदलून बस ना." कशी बदलू? दुसऱ्या बाजूला ड्वेन दिसतो.

बरं, आता मॅगझिनचं सांगतो. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती गोळ्यांची डबी. आत स्प्रिंग असते, ती गोळ्यांना खालून रेटते, एक उडाली की दुसरी वर. साधी गोष्ट. पत्र्याची डबी, एक स्प्रिंग, एक बूड. यात काय ते कंपनीचं आणि काय ते बाहेरचं? निवृत्त झाल्यावर मी स्वतःच्या पैशाने नवीन पिस्तूल घेतलं, कंपनीने त्याच्याबरोबर मॅगझिनं किती द्यावीत? दोन! आणि क्लबाचा नियम काय? चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला सहा ताटल्या, आणि एकदा रेषेवर उभं राहिलात की गोळ्या भरत बसायचं नाही, चारही मॅगझिनं भरून कमरेला लावूनच यायचं. म्हणजे आणखी दोन तरी हवीतच, एखादं जास्तीचं असलं तर बरं. दुकानात विचारलं कंपनीच्या मॅगझिनला काय पडेल, तर त्या पोराने जो आकडा सांगितला… मी म्हटलं, बाबा रे, मला पिस्तूल नकोय, ते आहे माझ्याकडे!

मग गेलो शेजारच्या काउंटीत, जत्रेच्या मैदानावर हत्यारांचं प्रदर्शन भरतं तिथे. एक दाढीची वेणी घातलेला बाबा टेबल मांडून बसलेला. म्हणाला, "काका, या इकडे. कुठलं पिस्तूल? हां, आहे. तोच पत्रा, तीच स्प्रिंग, अहो, कारखानासुद्धा तोच! फक्त शिक्का मारायचा राहिलाय." म्हटलं, शिक्का का राहिला? तर म्हणतो, "शनिवारी बनलीत." एकाच्या पैशात तीन आली. मी खुशीत शीळ घालत घरी.

आता मॅगझिनं सगळी दिसायला सारखीच. काळं अंग, तीच उंची. कंपनीचा शिक्का असतो तो बुडावर, आणि बूड सरकवून निघतं, साफसफाईला. स्पर्धेत ती मातीत पडतात, कुठलं अडलं ते नंतर कळायला हवं, म्हणून आमच्याकडे सगळेच बुडावर नंबर घालतात. मी अर्लिसचं नेलपॉलिश घेतलं. कंपनीच्या दोघांच्या बुडाला लाल, एक आणि दोन. बाहेरच्या तिघांच्या बुडाला निळं, तीन, चार, पाच. तिच्याकडे निळं नेलपॉलिश का होतं ते मी विचारलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, बाहेरच्यांना खोडी होत्या. तीन नंबर रिकामं झालं की खाली पडायचंच नाही, मुठीत चिकटून बसायचं, ओढून काढावं लागायचं, दात काढावा तसं. चार नंबरमधली तिसरी गोळी वर येताना नाक वर करायची, आत जायचीच नाही, दारातच उभी. आणि पाच नंबर… पाच नंबरला काहीच नव्हतं, पण इतर दोघांना बघून माझा त्याच्यावरही विश्वास उरला नव्हता. कंपनीची दोन मात्र, अगदी देवाशप्पथ सांगतो, लोण्यासारखी चालायची. पण हे मी ड्वेनला सांगू? मेलो तरी नाही!

क्लबात जाऊन विचारावं म्हटलं, तर तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळाच मंत्र. एक म्हणतो स्प्रिंग बदल. दुसरा म्हणतो, छे छे, स्प्रिंगला हात लावू नकोस, वरच्या कडा पकडीने जरा आत घे. तिसरा म्हणतो, आत घेऊ नकोस, बाहेर काढ! चौथा म्हणाला, माझ्याकडे बापाच्या वेळचं मॅगझिन आहे, कोरियाची लढाई बघून आलंय, ते आजवर अडलं नाही. म्हटलं, मग दे ना मला. तर विषय बदलला.

आणि ऑगस्टमध्ये व्हायचं ते झालं. सरावाला आम्ही तिघं, आणि कर्ट फोल्डिंगची खुर्ची घेऊन बघायला आलेला. बघायला कशाला यायचं? पण आलेला. मी चार नंबर घातलं, एक ताटली, दोन ताटल्या, खट्! अडलं. तिसरी गोळी दारात. मी ते हलवतोय, झटकतोय, आणि मागून तो आवाज, "मिळतात. स्वस्तात मिळतात ना. पण…" म्हटलं, ड्वेन, पुढचं बोलू नकोस. तो बोललाच. "कंपनीचं ते कंपनीचं!" आणि वर काय म्हणतो, "बाय द वे, कर्ट यंदा मोकळाच आहे."

तुम्हाला सांगतो, माझ्या टकलापासून बुटापर्यंत आग गेली. मी म्हटलं, ऐक! स्पर्धेच्या दिवशी माझं बाहेरचं एक जरी मॅगझिन अडलं ना, एक जरी, तर पुढच्या वर्षीपासून तिसरी जागा कर्टची! पण कंपनीचं अडलं, तर तू हे वाक्य जन्मात पुन्हा तोंडातून काढायचं नाहीस! माझ्या तोंडातून हे निघालं, आणि निघता निघताच मला कळलं की आपण काय केलं. कारण ड्वेन लगेच म्हणाला, "ठरलं! पण पहिल्या दोन फेऱ्या लाल बुडाच्या, म्हणजे निदान घराण्याची अब्रू तेवढी वेळ तरी राहील." कर्ट बिचारा म्हणतो, "अरे, असलं काही नको रे…" आणि सासरे? इतका वेळ टोपी डोळ्यांवर घेऊन बसलेले सासरे टोपी वर करून म्हणाले, "बरं."

झालं! त्यांनी 'बरं' म्हटलं म्हणजे कोर्टाचा शिक्का. घरी येऊन अर्लिसला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली. "म्हणजे तू माझ्या पहिल्या नवऱ्याला माझ्याच घरच्यांत परत बोलवायची पैज लावून आलास?" म्हटलं, तसं नाही गं… "मग कसं?" मी फडकं उचलून बशी पुसायला घेतली. ती म्हणाली, "वेंडेल, दोन चांगली मॅगझिनं घे आणि विषय संपव." पण कशी घेणार? कंपनीची घेतली म्हणजे ड्वेन खरा ठरला! म्हणजे बाहेरचं ते बाहेरचंच. मग मी कोण?

तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी ठरवलं, खोडी काढायच्या तर मळ काढला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाचही मॅगझिनं उघडली. पाचही! एकदम! अर्लिस ब्रेडचं पीठ भिजवते त्या परातीत पाच डब्या, पाच स्प्रिंगा, पाच बुडं, सगळी तेलात बुडवून ठेवली. चिंधी आत घालून एकेक डबी अशी घासली की आत तोंड दिसावं. छान चाललं होतं. तेवढ्यात अर्लिस कोट घालून दारात. "वेंडेल! साडेचार वाजले! फिश फ्रायची रांग रस्त्यापर्यंत येईल!" आता शुक्रवारी आमच्याकडे तळलेल्या माशाला उशिरा जाणं म्हणजे काय ते ज्याने थंडीत रांग लावलीय त्यालाच कळेल. मी पटापट डबीत स्प्रिंग, स्प्रिंगला बूड, सरकव, पुढचं! डबीत स्प्रिंग, स्प्रिंगला बूड, सरकव! पाच मिनिटांत पाच. हात पुसले, निघालो. मासा उत्तम होता.

शनिवार. अख्खा क्लब जमलेला. सॉसेज भाजतायत, बायकांनी लांब टेबलावर आपापल्या हॉटडिश, म्हणजे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, मांडल्यात, अर्लिसची बटाट्याच्या कुरकुरीत थराची, आणि कर्ट सकाळी दहा वाजताच त्यातली दुसरी वाढ घेऊन खातोय. म्हणतो, "अर्लिस, अजून तीच चव गं!" मी ऐकलं नाही असं दाखवलं. सासरे उडवून आले, त्या वयात चोवीसपैकी एकोणीस. ड्वेन उडवून आला, एकवीस. मग मी. कमरेला चार मॅगझिनं, दोन लाल बुडाची, दोन निळ्या बुडाची, जास्तीचं पाचवं खिशात. आता सांगायला हरकत नाही, माझं लक्ष नेमाकडे नव्हतंच. मला समोर ताटल्या दिसतच नव्हत्या, मला दिसत होतं जेवणाचं टेबल, आणि माझ्या खुर्चीवर कर्ट.

लाल एक घातलं. घड्याळाची पिपाणी वाजली. एक ताटली पडली. दुसरी पडली. आणि… खट्!

अडलं.

भट्टीवरचं सॉसेज तेवढं चुरचुरतंय. ड्वेन मागून ओरडला, "बघा! बघा! सांगत होतो, बाहेरचं…" आणि थांबला. कारण मी ते मॅगझिन काढून बूड त्याच्या नाकासमोर धरलं होतं. लाल! नेलपॉलिश लाल, शिक्का कंपनीचा, नंबर एक! अहो, त्याचं तोंड! काउंटरवर कोणी वीस वर्षांपूर्वीचं बिल घेऊन पैसे परत मागायला यावं तसं तोंड झालं. "तू… तू मनगट ढिलं धरलंस." म्हटलं, हो का? बरं. लाल दोन घातलं. सहाच्या सहा पाडल्या, पण रिकामं झाल्यावर मॅगझिन खाली येईना! ओढतोय, ओढतोय, पंच बाई म्हणतायत, "अहो वेंडेल, सावकाश!" शेवटी निघालं. ड्वेनची मान तिरकी होती तशीच राहिली.

मग निळी. तुम्हाला सांगतो, मी निळं तीन घातलं तेव्हा मनात म्हटलं, जायचं तर वाजत जाऊ! आणि काय चाललं म्हणता! टण् टण् टण् टण् टण् टण्! सहा! मॅगझिन आपोआप खाली पडलं, जसं काही त्याला घाईच होती. निळं चार, ते नाक वर करणारं, आठवतंय ना? टण् टण् टण्, सहाच्या सहा, पाच सेकंदांच्या आत! क्लबात वर्षभरात कोणी इतक्या वेळात पाडल्या नव्हत्या. आम्ही दुसरे आलो. दुसरे! सहा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या हातात पाटी. आणि पैज? बाहेरचं एकही अडलं नाही! अडलं ते कंपनीचं!

कर्ट आला, हात पुढे केला. "वेंडेल, मस्त मारलंस यार." मनापासून म्हणाला हो. तीच तर पंचाईत आहे त्या माणसाची, तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं! आणि अर्लिस… अर्लिसने सगळ्यांदेखत माझ्या मानेवर हात ठेवला, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हा माझा नवरा." एवढंच. सहा वर्षं झाली लग्नाला, पण तसं कधी म्हणाली नव्हती. माझ्या डोळ्याला काहीतरी झालं. धूर होता सॉसेजचा.

आता इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं.

रविवारी चर्चहून आलो, जेवलो, म्हटलं आपली गुणी निळी मॅगझिनं जरा प्रेमाने पुसून ठेवावीत. तीन नंबर उघडलं. आत बोट घातलं. आणि बोट गुळगुळीत फिरलं. मी जरा थांबलो. कारण त्या दाढीवाल्या बाबाच्या मॅगझिनांना आतून पत्र्याच्या जोडाची धार होती, शुक्रवारी घासताना चिंधी अडकायची तिथे. मग चार नंबर उघडलं. गुळगुळीत! मग हळूच लाल एक उघडलं… बोटाला धार लागली. लाल दोन… धार!

कळलं का तुम्हाला? मला कळायला अर्धा तास लागला. शुक्रवारी, माशाच्या घाईत, मी बुडं बदलली! लाल बुडं बसली बाहेरच्या डब्यांवर, आणि निळी बसली कंपनीच्या डब्यांवर! म्हणजे अडलं ते बाहेरचं. चिकटलं ते बाहेरचं. आणि ज्याने माझी अब्रू राखली, माझी खुर्ची राखली, बायकोचा हात माझ्या मानेवर आणला, ते दोन्ही… कंपनीचं ते कंपनीचं! म्हणजे ड्वेन सहा वर्षं खरंच बोलत होता! मी पैज हरलो होतो! आणि हे जगात मला एकट्याला माहीत.

अर्लिस आत आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "कोण गेलं?" मी सगळं सांगितलं. बायकोपासून लपवता येत नाही मला, टँकरवाला माणूस, आत असेल ते बाहेर. म्हटलं, उद्या जाऊन ड्वेनला सांगतो, आणि जागा देतो कर्टला. ती खुर्ची ओढून समोर बसली. "वेंडेल, ताटल्या कोणी पाडल्या?" म्हटलं, पाडल्या मी, पण मॅगझिन… "मॅगझिनने नेम धरला?" नाही, पण… "कर्टकडे सगळंच्या सगळं कंपनीचं होतं. पिस्तूल, गाडी, होडी. सगळं शिक्क्याचं. आणि अकरा वर्षांत घरातला एक नळ धड बसवला नाही त्याने. तोंड उघडलंस तर याद राख!" आता सांगा, माझं खरं बोलायचं मन होतं की नाही? होतं! पण घरातून परवानगी नको?

म्हटलं, चला, गप्प बसायचं, संपला विषय. संपला? गुरुवारी ड्वेन दारात. हातात टोपी. हा माणूस टोपी काढतो ती फक्त प्रेतयात्रेला. आत आला, बसला, कॉफी घेतली, हवा कशी, गुडघा कसा, आणि मग टोपीशी बोलावं तसा बोलला, "दाजी…"

दाजी! मला! कॉफी माझ्या नाकात गेली.

"दाजी, ती निळी मॅगझिनं… त्या बाबाकडे अजून मिळतील का हो? मला सहा हवी होती. सव्वीस वर्षं मी लोकांना…" त्याचे डोळे भरून आले हो! सव्वीस वर्षं उभा राहिला ज्या काउंटरमागे तो काउंटर पायाखालून गेल्यासारखा बसला होता. मला दया आली. मी म्हटलं, ड्वेन, अरे, तसं काही नसतं, एखादं कंपनीचं… तो म्हणाला, "नाही दाजी. मी डोळ्यांनी बघितलं."

आता मी काय करू? दाढीवाल्याकडची खरी निळी याला दिली तर पहिल्याच सरावाला त्याची तिसरी गोळी दारात उभी राहणार, तो उघडून बघणार, बोट आत घालणार, आणि पार्टवाला माणूस आहे तो, त्याला अर्धा तास नाही लागायचा! मग? मग मी गेलो दुकानात, त्या पोराकडून कंपनीची सहा घेतली. तोच आकडा, सहा वेळा. मग गेलो प्रदर्शनात, दाढीवाल्याकडून बाहेरची सहा घेतली, नुसत्या बुडांसाठी! घरी येऊन कंपनीच्या डब्यांना बाहेरची बुडं लावली, वर निळं नेलपॉलिश, आणि ड्वेनला दिली. पैसे किती घेतले? दाढीवाल्याच्या भावाने! जास्त घेतले तर संशय नाही का येणार? अर्लिस रोज विचारते, कॉफीच्या रिकाम्या डब्यात एवढे काळे पत्रे कसले साठलेत. म्हणते, "तू गप्प बस म्हटलं होतं, दुकान काढ नव्हतं म्हटलं!"

आणि ड्वेन आता क्लबभर काय सांगत फिरतो माहीत आहे? मान तिरकी, तोच आवाज. "घ्या, शिक्क्याचं घ्या, न घ्यायला काय झालं? पण आमचे दाजी जी आणतात ना…"

परवा तर कहरच झाला. सासऱ्यांचा फोन! त्या माणसाने मला आयुष्यात फोन केलेला नाही. मी घाबरलो, म्हटलं कुत्रा गेला की काय. पलीकडून म्हणाले, "निळी. मला तीन." म्हटलं, हो हो, आणतो ना, तुमच्यासाठी काय पाहिजे ते! आणि वाटलं ठेवला फोन. पण नाही, श्वास ऐकू येतोय. बराच वेळ श्वास. मग म्हणाले, "आणि दोन कर्टला."

आणली हो. काय करता.